सत्त्याऐंशीवं पान

१

मंगळवारी सकाळी नगरसभेच्या कपाटात इतिवृत्ताचं एकतिसावं पुस्तक नव्हतं. तिसावं जागेवर, बत्तिसावं जागेवर, आणि मधे चार बोटं रिकामी फट. कुलूप शाबूत होतं. दहा वाजेपर्यंत ही बातमी सेर्रा मान्सा गावातल्या दोन्ही बेकऱ्यांत पोहोचली आणि अकराला सभापती क्लोदोमीर घाम पुसत लिंदाल्वाच्या दारात उभा राहिला.

लिंदाल्वाने तीस वर्षं गावच्या पोलीस चौकीत जबाब टाइप केले होते. समोरचा खोटं बोलायला लागला की तिची बोटं आपोआप थांबायची, असं गावात म्हणत. खरं म्हणजे तिची बोटं कधीच थांबली नव्हती. खोटं तर खोटं, सांगितलं ते टाइप केलं आणि खाली सही घेतली, आणि याच गोष्टीची चीड मनात घेऊन ती निवृत्त झाली होती.

"लिंदाल्वाबाई, घोटाळा झालाय," क्लोदोमीर बसता बसता म्हणाला. "शुक्रवारी ती विरोधकांची वकीलबाई येतेय राजधानीतून. तिला एकतिसावं पुस्तक बघायचंय. दोर्जिवालच्या राजीनाम्याची सभा."

दोर्जिवाल कोण, हे सेर्रा मान्सात कुणी कुणाला सांगत नाही. ट्रकवर मीठ वाहायचा. येता-जाता आजाऱ्यांना ट्रकमध्ये घालून मोठ्या शहरातल्या इस्पितळात सोडायचा. त्या पुण्याईवर नगरसेवक झाला, मग नगराध्यक्ष, मग दुसऱ्यांदा नगराध्यक्ष, आणि आता ऑक्टोबरात आमदार. पण कायदा असा, की आमदारकीला उभं राहायचं तर नगराध्यक्षाने मतदानाच्या सहा महिने आधी खुर्ची सोडली पाहिजे. यंदा ती मुदत ईस्टरच्या आदल्या शनिवारी, तीन एप्रिलला, संपत होती. विरोधक म्हणत होते, दोर्जिवालने उशिरा सोडली. तसं ठरलं तर निवडून येऊनही आमदारकी गेली.

क्लोदोमीरने खिशातून एक झेरॉक्स काढली. जुलैमध्ये निवडणूक न्यायालयात दिलेली इतिवृत्ताची नक्कल. 'पवित्र गुरुवार, एक एप्रिल, सकाळी दहा. विशेष सभा. नऊही सदस्य हजर. नगराध्यक्षांचे राजीनामापत्र वाचण्यात आले. पुस्तक ३१, पान ८७.' खाली सभापतींची आणि चिटणीस नाझारे लीमाची सही, आणि शिक्का.

"नक्कल आहे की मग."

"तिला मूळ हवंय. बाई, किल्ल्या दोनच. एक नाझारेच्या गळ्यात असते. दुसरी माझी, ती जूनमध्येच तळ्यात पडली, गुरांना पाणी पाजताना. आता तुम्हीच काय ते समजा. गुरुवारपर्यंत अहवाल द्या. तुमचं नाव असलं की कुणी शंका घेणार नाही."

लिंदाल्वाला सगळं समजलं. नाझारे तिची शाळेपासूनची मैत्रीण. चौतीस वर्षं नोकरी झाली होती, पेन्शनला पाच महिने राहिले होते. सरकारी पुस्तक हरवलं म्हणजे बडतर्फी, आणि पेन्शनवर पाणी. क्लोदोमीरला चोर नको होता, नाझारेच्या गळ्यात अडकवायला कागद हवा होता.

"करते चौकशी," लिंदाल्वा म्हणाली. "पण जे सापडेल ते लिहीन."

"म्हणजे काय, तेच तर!" क्लोदोमीर म्हणाला आणि नको तितकं हसला.

२

नाझारेने मक्याचा केक कापला, कॉफी ओतली, साखर ढवळली.

"तू घेतलंस का?"

"नाही."

"मग कोणी?"

"मला काय माहीत? केक घे ना, आज छान फुगलाय."

"नाझारे, केक गेला खड्ड्यात! तो क्लोदोमीर तुला रस्त्यावर आणायला निघालाय. त्या पवित्र गुरुवारी सभा झाली होती की नाही?"

"इतिवृत्तात आहे ना."

"मी तुला विचारतेय, इतिवृत्ताला नाही."

नाझारेने कपाळावरचे केस मागे सारले. गळ्यातल्या दोरीत संत रीताचं पदक आणि कपाटाची किल्ली शेजारी शेजारी होती. "लिंदा, मी चौतीस वर्षं तेच करतेय. सभापती सांगतात ते लिहिते. एक इतिवृत्त संपलं की दुसरं त्याच्याच खाली सुरू करते, मधे एक ओळ कोरी सोडत नाही. सभापती सही करतात. वाचत नाहीत, नुसती सही करतात. नगरसेवकांच्या सह्या हजेरीच्या वहीत, त्यांना तर पुस्तकाचा रंगसुद्धा सांगता यायचा नाही."

"आणि हे सगळं मला का सांगतेस?"

"तू विचारलंस म्हणून."

लिंदाल्वाने कप खाली आपटला. आयुष्यभर गुन्हेगारांनी तिला उडवून लावलं होतं, ते चालायचंच. पण जिला वाचवायला आलो तीच ताकास तूर लागू देत नाही, म्हणजे काय करायचं माणसाने? ती उठून दारापर्यंत गेली, तेव्हा नाझारे मागून हळूच म्हणाली, "नकला कुणाला द्यायच्या ते सभापती सांगतात. त्यांत काय काय घालायचं ते माझं मी बघते."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. केक बांधून देऊ?"

३

बुधवारी सकाळी लिंदाल्वा नऊही नगरसेवकांकडे जायला निघाली. दुपारपर्यंत सहा झाले, आणि सहाही जण एकच वाक्य बोलले. 'हो बाई, गुरुवारी दहा वाजता, सगळे होतो, राजीनामा वाचला.' एकाने तर 'वाचण्यात आला' असं म्हटलं. घरी बायकोशी तरी हा माणूस असं बोलत असेल का?

सातवा आदेमार बेकरीवाला. हा गप्पिष्ट. त्याने तिला बेकरीमागच्या घरात नेलं, सोफ्यावर बसवलं आणि गरम पावावर भाजलेलं चीज घालून पुढे ठेवलं.

"अहो बाई, मला तर डोळ्यांसमोर दिसतंय! दोर्जिवाल स्वतः आला. पांढरा सदरा. पत्र असं सभापतींच्या हातात दिलं, आणि डोळ्यांत पाणी हो त्याच्या! आम्ही सगळे उभे राहिलो."

"स्वतः आला? गुरुवारी दहाला?"

"दहाच्या ठोक्याला. माझ्या आईशपथ."

लिंदाल्वाच्या हातातला पाव हातातच राहिला. त्या पवित्र गुरुवारी सकाळी सात वाजता तिचा नवरा अनिझिओ श्वास लागून खाटेवरून खाली पडला होता. त्याची किडनी दोन वर्षांपूर्वीच निकामी झालेली, दर दोन दिवसांनी दीडशे किलोमीटरवर जाऊन रक्त धुऊन आणावं लागे. त्या दिवशी रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर पवित्र आठवड्यासाठी आपल्या गावी गेलेला. तिने दोर्जिवालला फोन केला. तो आपली जीप घेऊन आला, अनिझिओला दोन्ही हातांवर उचलून गाडीत घातलं आणि स्वतः चालवत शहरात नेलं. एके काळी अनिझिओनेच त्याचा मोडका ट्रक फुकट दुरुस्त करून दिला होता. दहा वाजता दोर्जिवाल इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये तिच्या शेजारी बाकावर बसला होता. शनिवारी संध्याकाळी अनिझिओ गेला, तोवर तो तिथून हलला नव्हता.

आठ महिने तिला वाटत होतं, राजीनामा त्याने आधीच कुणाकडे दिला असेल. विचारायची गरज पडली नव्हती. पण दहाच्या ठोक्याला पांढरा सदरा घालून तो इथे नव्हता, एवढं तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"आदेमार, तू खोटं बोलतोयस."

"आईशपथ म्हटलं ना!" म्हणत त्याने भिंतीकडे हात केला.

भिंतीवर आदेमारची आई नव्हती, आईच्या दुखवट्याचा ठराव होता. सेर्रा मान्सात माणूस गेला की पुढच्या सोमवारच्या सभेत नगरसभा दुखवट्याचा ठराव करते, मग तो माणूस डॉक्टर असो की मासे विकणारा. नाझारे त्याची सुबक अक्षरात नक्कल काढते, शिक्का मारते, आणि घरचे ती काचेत घालून बैठकीत लावतात. लिंदाल्वाने असे ठराव शेकडो घरांत पाहिले होते. आज पहिल्यांदा तिची नजर खालच्या बारीक ओळीवर गेली. 'सभा दि. २२ मार्च. पुस्तक ३१, पान ७९.'

"आदेमार," ती म्हणाली, "या वर्षी गावात आणखी कोण कोण गेलं रे?"

४

चार तास ती दारोदार फिरली. मृतांच्या घरी जायला निमित्त लागत नाही, हे एक बरं. प्रत्येक घरी कॉफी झाली, प्रत्येक घरी गेलेल्या माणसाच्या आठवणी झाल्या, आणि मान वर करून काचेखालची ओळ वहीत उतरली.

एकोणतीस मार्चच्या सभेत म्हातारा सांतीनो, पान ८१. त्यानंतरच्या सोमवारी सभा झालीच नव्हती, कारण सगळी नगरसभा अनिझिओच्या दफनाला होती. मग बारा एप्रिल. त्या दिवसाचा ठराव बघायला लिंदाल्वाला कुठे जावं लागलं नाही. तो तिच्याच बैठकीत होता. 'अनिझिओ फेर्रेइरा, मेकॅनिक, यांच्या निधनाबद्दल.' पान ८४. आठ महिने रोज त्याची काच पुसत होती आणि खालची ओळ कधी वाचली नव्हती. स्वतःचा तिला इतका राग आला की हातातलं फडकं तिने कोपऱ्यात भिरकावलं.

एकोणीस एप्रिल, शिंपीणबाईची बहीण, पान ८६. सव्वीस एप्रिल, शाळेचा शिपाई, पान ८९.

तिने वही टेबलावर ठेवली. नाझारे एक ओळ कोरी सोडत नाही. पानांवर छापील आकडे असतात, मागे जाऊन मधे काही घुसवता येत नाही. मग एक एप्रिलची सभा ८१ आणि ८४ च्या मधे हवी होती. ती होती ८७ वर. म्हणजे पवित्र गुरुवारची ती सभा लिहिली गेली एकोणीस एप्रिलनंतर कधीतरी. मुदत संपून दोन आठवडे उलटल्यावर.

क्लोदोमीरने पुस्तक लपवलं असेल, जाळलं असेल. पण ते पुस्तक पानापानाने अख्ख्या गावाच्या भिंतींवर टांगलेलं होतं.

आता प्रश्न एकच राहिला. पुस्तक नेलं कोणी?

५

क्लोदोमीरचं पशुखाद्याचं दुकान पाचला बंद होतं. पावणेपाचला लिंदाल्वा पोत्यांमधून वाट काढत त्याच्यासमोर उभी राहिली.

"झाला अहवाल?" त्याने विचारलं.

"झाला. पुस्तक तुम्ही नेलंत."

"मी? अहो, माझी किल्ली तळ्यात..."

"तळं राहू द्या. ऐका. त्या पुस्तकात लपवण्यासारखं एकच होतं, एक एप्रिलची सभा चुकीच्या जागी आहे ते. हे कुणाला माहीत असणार? ज्याने पुस्तक हाताळलं त्याला. नगरसेवक ते हाताळत नाहीत. दोर्जिवाल तर नाहीच. लिहिते नाझारे आणि सही करता तुम्ही. दोघांपैकी एक."

"मग नाझारे. मी तेच म्हणतोय पहिल्यापासून."

"नाझारेने जुलैमध्ये न्यायालयाला नक्कल दिली. त्यात पान क्रमांक घालायला तिला कुणी सांगितलं होतं?"

क्लोदोमीर गल्ल्यातल्या नोटा सारख्या करू लागला.

"कुणीच नाही. दुसऱ्या कुठल्याही गावची नक्कल बघा, क्रमांक नसतो. तिने आपणहून घातला आणि तुम्ही न वाचता सही केलीत. जिला ते पान लपवायचंय ती बाई जगाला त्याचा पत्ता कशाला देईल? वकीलबाईचं पत्र आलं तेव्हा तुम्ही पहिल्यांदा पुस्तक उघडून पाहिलंत. आणि तुम्हाला घाम फुटला."

क्लोदोमीरने गल्ला बंद केला. मग तो अगदी शांतपणे म्हणाला, "बाई, आमदार आपला झालाय. पहिल्यांदा. किडनीचं केंद्र येणार आहे इथे, मंजुरीपर्यंत आलंय. तुमच्यासारख्या किती जणींना दीडशे किलोमीटर जावं लागणार नाही, विचार करा. त्याच्यासमोर एक नाझारे! आणि सिद्ध काय करणार तुम्ही? पुस्तक कुठाय?"

इथे लिंदाल्वाने चूक केली. दोन दिवस सगळ्यांनी तिला केक आणि कॉफीवर वाटेला लावलं होतं, आणि हा माणूस तिच्याच नवऱ्याच्या आजाराचा हिशेब तिला मांडून दाखवत होता. तिचा तोल गेला.

"पुस्तक भिंतींवर आहे!" ती ओरडली. "घराघरात, काचेत! पान एकोणऐंशी आदेमारकडे, शहाऐंशी शिंपीणबाईकडे. शुक्रवारी वकीलबाईला हाताला धरून घरोघर फिरवते की नाही बघा!"

क्लोदोमीरने हसून मान डोलावली. त्या हसण्याचा अर्थ तिला रस्त्यावर आल्यावर कळला, आणि तोवर उशीर झाला होता.

६

गुरुवारी सकाळी ती आदेमारकडे गेली. सोफ्याच्या वर भिंतीवर फिकट चौकोन होता.

"रंग द्यायचाय," आदेमार म्हणाला. तिच्या डोळ्यांत बघायचं त्याने टाळलं.

शिंपीणबाईची काच फुटली होती. शिपायाच्या बायकोने ठराव पुतण्याकडे पाठवला होता, पुतण्या कुठे असतो ते तिला आठवत नव्हतं. सांतीनोच्या मुलीने दार अर्धंच उघडलं. "बाई, माझ्या धाकटीची किडनी पण तशीच आहे. दोर्जिवालने शब्द दिलाय. रागावू नका." आणि दार लावलं.

रागवायचं तरी कुणावर? या लोकांना कुणी पैसे दिले नव्हते, धमकावलं नव्हतं. त्यांना नुसतं सांगितलं होतं, आणि त्यांनी आपापली माणसं भिंतीवरून उतरवून ठेवली होती. लिंदाल्वाच्या वहीत आकडे होते, पण वहीला शिक्का नसतो. फोटो काढून ठेवायचं तिला सुचलं नव्हतं. तीस वर्षं चौकीत काढलेल्या बाईला!

गावात एकच ठराव भिंतीवर उरला होता. पान ८४, बारा एप्रिल. न्यायालयातल्या ८७ शेजारी तो एकटा ठेवला तरी पुरे होता. सगळं आता तिच्या एकटीच्या भिंतीवर आलं होतं.

दुपारी जीप दाराशी थांबली. दोर्जिवाल एकटाच आला होता. दारातच टोपी काढली, आत येऊन ठरावासमोर क्षणभर उभा राहिला आणि छातीवर क्रुसाची खूण केली.

"वहिनी, कॉफी देणार की हाकलून देणार?"

"बस."

तो बसला. चार महिने प्रचारात गेल्याने वाळला होता, पण डोळ्यांत तेच मिश्कील हसू. या माणसाचा राग धरायचा तरी कसा, हा सगळ्या गावाचाच प्रश्न होता.

"राजीनामा कुठे होता रे तेव्हा?" तिने विचारलं.

"कुठे म्हणजे? खिशात. त्या गुरुवारी नऊ वाजता द्यायचा होता. सातला तुमचा फोन आला. आता मी काय अनिझिओला म्हणायचं होतं, दादा, थांब जरा, कागद देऊन येतो?" त्याने सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला. "तीन दिवस इथे होता. दर तासाला वाटायचं, निघावं. मग तुमच्याकडे बघायचो. मंगळवारी दिला, दफन झाल्यावर."

लिंदाल्वाला तो बाक आठवला. हा सारखा छातीवर हात ठेवत होता, आणि तिला वाटलं होतं, सिगारेटची तल्लफ आली असेल. ती उघड्या हाताने डोळे पुसत बसली. आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणासमोर रडली.

"मग खोटं का लिहायला लावलंस?"

"क्लोदोमीर म्हणाला, होतं सगळं. मी हो म्हणालो. कुणाचं वाईट होणार होतं त्यात?"

"नाझारेचं झालं."

दोर्जिवालने हातातली टोपी गुडघ्यावर ठेवली.

"मी हे वकीलबाईला देणार आहे," ती ठरावाकडे बोट दाखवत म्हणाली. "तू माझ्यासाठी जे केलंस ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण नाझारेने पुस्तक चोरलं यावर मी सही करणार नाही. तुझी आमदारकी गेली तर जाऊ दे."

त्याने कॉफी संपवली, कप बशीत नीट ठेवला. मग त्याने मान वर केली, आणि लिंदाल्वाला दिसलं की हा माणूस काहीतरी मोजतोय.

"किती वाजता येणार ती बाई?" त्याने विचारलं.

७

शुक्रवारी दहा वाजता नगरसभेसमोरच्या चौकात पाऊल ठेवायला जागा नव्हती. सकाळपासून भोंग्याची गाडी गावभर फिरून लोकांना बोलावत होती. वकीलबाई, ग्लाउसिया नावाची तिशीतली मुलगी, पायऱ्यांवर गोंधळून उभी होती. तिने पुस्तक तपासायची तयारी केली होती, सभेची नाही.

दोर्जिवाल गर्दीतून आला तो थेट लिंदाल्वाकडे. "वहिनी, द्या," म्हणत त्याने तिच्या हातातला ठराव घेतला आणि पायऱ्या चढला. भोंगा त्याच्या हातात कुणीतरी दिलाच.

"माझ्या लोकांनो! मी उशिरा राजीनामा दिला. हो! तीन दिवस उशिरा! ही बाई म्हणते ते खरं आहे!"

मग त्याने सगळं सांगितलं. सकाळी सातचा फोन, जीप, खिशातला कागद. इतिवृत्त खोटं लिहायला आपणच लावलं, पुस्तक आपल्याच माणसांनी नेलं, नाझारेबाईंचा यात काडीचा दोष नाही, त्यांच्यावर जबरदस्ती झाली, हे तो तीनदा म्हणाला. त्याच्या मागे क्लोदोमीर लाल पुस्तक छातीशी धरून उभा होता. पुस्तकाला मक्याच्या भुशाचा वास येत होता. लिंदाल्वाला वाटलं, सुटली एकदाची. शेजारी नाझारेने तिचं कोपर घट्ट धरलं.

"आणि शनिवारी," दोर्जिवालचा आवाज भरून आला, "माझ्या अनिझिओदादाने डोळे उघडले. माझा हात धरला. म्हणाला, 'दोर्जिवाल, मला सोड, जा, तुझा कागद दे, गावाला तुझी गरज आहे!' आणि गेला! सांगा, मी त्याचा हात सोडायला हवा होता?"

बायका हुंदके देऊ लागल्या. आदेमार उघडपणे रडत होता. दोर्जिवालच्या गालांवरचं पाणी खरं होतं, तो नेहमी खरंच रडायचा. कुणीतरी ओरडलं, "नगराध्यक्ष! पुन्हा नगराध्यक्ष!"

"त्यांना आता बरीच वर्षं उभं राहता यायचं नाही," वकीलबाई पुटपुटली.

"मग वहिनीसाहेब! सोकोर्रो! सोकोर्रो!" गर्दीने दोर्जिवालच्या बायकोच्या नावाचा गजर सुरू केला. ती गुलाबी पोशाख घालून आधीच वरच्या पायरीवर उभी होती.

लिंदाल्वा मात्र जागच्या जागी थिजली होती. अनिझिओ शुक्रवारी दुपारीच बेशुद्ध झाला होता. त्याआधी तो जे शेवटचं बोलला ते तिच्याशी, आणि ते उशीविषयी होतं. उशी उंच आहे, जरा खाली कर, म्हणाला. दोर्जिवाल तेव्हा खाली पाणी आणायला गेला होता.

आत गेल्यावर वकीलबाईने लॅपटॉप उघडला. दोर्जिवालचा जबाब झाला, सही झाली. "नाझारेबाईंच्या बाबतीत सगळं या एका जबाबावर उभं आहे," ती लिंदाल्वाला हळूच म्हणाली. "कारण इतिवृत्त त्यांच्याच अक्षरात आहे. त्यांच्यावर जबरदस्ती झाली हे दुसरं कुणी बोलत नाही. यातली एक जरी गोष्ट खोटी निघाली ना, तर न्यायाधीश सगळाच जबाब बाजूला ठेवतील. म्हणून तुमची साक्ष हवी. तुम्ही इस्पितळात हजर होतात."

"होते."

टेबलाच्या पलीकडे दोर्जिवाल रुमालाने तोंड पुसत होता. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत धाक नव्हता, विनवणीही नव्हती. गडी निश्चिंत होता. दारात नाझारे उभी होती, गळ्यातली दोरी बोटाभोवती गुंडाळत.

वकीलबाईची बोटं कीबोर्डवर तयार होती. "तुमच्या पतीचे शेवटचे शब्द. 'मला सोड, जा, तुझा कागद दे, गावाला तुझी गरज आहे.' बाई, असंच म्हणाले ना ते?"

लिंदाल्वाने त्या बोटांकडे पाहिलं. ती थांबली नव्हती, वाट बघत होती.

"हो," ती म्हणाली. "असंच म्हणाला. लिहा."